म्हाळसाबाईनं बांधलेला पाय

म्हाळसाबाईनं बांधलेलं हाड जुळलं नाही, असं कधी झालं नव्हतं. मेंढराचं हाड, अर्थात. माणसाचं तिनं उभ्या जन्मात एकदाच बांधलं आणि तेवढ्यापायी पुढचा सगळा जन्म उलटापालटा झाला. लोक अजून म्हणतात, बाई कैदाशीण होती, नवऱ्याचा पाय तिनंच खाल्ला. म्हणोत बापडे. ज्यांनी डोळ्यांनी काही बघितलेलं नसतं, त्यांचीच जीभ जास्त चालते.

सांगोल्याकडच्या माळावरची ती, धनगराची लेक. हाडापेरानं दणकट, तोंडानं फटकळ. बोटं मात्र अशी की मेंढीच्या नडगीवरनं नुसती फिरवली तरी आत कुठं चिरलंय ते तिला कळायचं. ही विद्या तिच्या बापाची, मायाप्पाची. मोडक्या नडगीला हलकेच ताण द्यायचा, टोकाला टोक भिडवायचं, चारी अंगांनी बांबूच्या कामट्या लावायच्या आणि वरून लोकरीची दोरी पाण्यात भिजवून आवळायची. दोरी वाळत जाते तशी आणखी आवळत जाते, हाड जागचं हलत नाही. मायाप्पाचं एक सांगणं मात्र लेकीनं पदरी बांधून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी उजाडताच खुराला हात लावून बघायचा. ऊन लागला तर बरं. गार लागला तर तिथल्या तिथं दोरी कापायची, मग घरात लगीन उभं का असेना.

लग्न होऊन ती बिरप्पाच्या वाड्यावर आली. वाडा म्हणजे दगडामातीचा नव्हे. धनगरांचा वाडा चालता असतो. मेंढरं, कुत्री, लादलेली तट्टं आणि मागून माणसं. बिरप्पा अंगानं शेलाटा, ढांगा लांब. दिवसाला दहा कोस चालायचा आणि सांजेला पुन्हा हरवलेलं कोकरू हुडकायला निघायचा. बसलेला बिरप्पा म्हाळसाबाईनं फक्त जेवताना बघितलेला. त्याचं बोलणंसुद्धा चालता चालताच व्हायचं आणि ती मागून "अवो, जरा दमानं" करत पळायची. नवरा तिला मनापासून आवडायचा, आणि ही गोष्ट तिनं चारचौघांत कधी लपवली नाही. धाकटा दीर धुळाप्पा त्यावरून तिची चेष्टा करायचा.

सन अठ्ठावीसच्या मार्गशीर्षात वाडा सोलापूरच्या अलीकडं, कासारपिंपळीच्या शिवारात उतरला. गावचा पाटील रामहरी आपण होऊन आला आणि बिरप्पाला म्हणाला, "माझ्या खालच्या पट्टीत दोन राती मेंढरं बसव." मेंढरं बसली की रान खतावतं, बदल्यात धनगराला ज्वारी मिळते, हा रिवाज बापजाद्यांपासूनचा. पण ती पट्टी पाटलानं दसऱ्यालाच लेकाच्या, आबासाहेबाच्या, हवाली केली होती आणि बापलेकांचं एकमेकांशी बोलणं नव्हतं. हे परमुलखातल्या धनगराला कोण सांगणार? शेजारी आबासाहेबाची ज्वारी हुरड्याला आलेली. मेंढरांनी कडेची चार ताटं खाल्लीही असतील, नाही कशाला म्हणा. मेंढरू काही उपास धरत नाही.

सकाळी आबासाहेब चार गडी घेऊन आला. गड्यांनी थेट मेंढरांच्या पायांवर काठ्या चालवल्या. कडाकडा हाडं मोडत होती आणि मेंढरं ओरडायचं सोडून नुसती खाली बसत होती. कुत्र्यानं एकाची पोटरी धरली, तर दुसऱ्यानं दगड घालून त्याचं डोकं फोडलं. म्हाळसाबाई आडवी गेली, तिला झिंज्या धरून बांधावर आपटली. बिरप्पा ओढ्याला पाला तोडत होता, तो कुऱ्हाडीसकट धावत आला.

"मालक, तुमच्या वडलांनी बसवल्याती मेंढरं," एवढंच त्याला बोलता आलं. ईश्वरप्पा नावाच्या सालगड्यानं लोखंडी कड्याची काठी दोन्ही हातांनी उगारली आणि त्याच्या उजव्या नडगीवर घातली. कातडं फाटलं नाही, पण नडगी मधेच वाकली. बिरप्पा पडला. त्याच्या छातीवर पाय द्यायला आबासाहेब पुढं सरला आणि बिरप्पानं पडल्या पडल्या कुऱ्हाड फिरवली. ती घोट्यात बसली. आबासाहेबाचं पाऊल कातड्याच्या एका पट्टीवर लोंबायला लागलं. त्यानं खाली बघितलं आणि तो मटकन बसला.

दोघांचे पाय एकाच रानात, एकाच घटकेला मोडले. इथवर देवानं दोघांना सारखंच माप घातलं होतं. पुढचं माप माणसांच्या हातचं. पाटलाचा व्याही त्या दिवशी मोटार घेऊन गावात आलेला होता. लेकाचं रक्त बघून बापाचा अबोला कुठल्या कुठं पळाला. दोन तासांत आबासाहेब सोलापूरच्या इस्पितळात टेबलावर होता. थोरल्या डॉक्टरनं भूल देऊन, मांस नीट दुमडून, नेटका पाय कापला. वेगळी खोली, पांढरी चादर, दिवसातून दोनदा नवी पट्टी. तीन आठवड्यांत माणूस कुबड्या घेऊन घरी आला.

बिरप्पाला कोण बघणार? म्हाळसाबाईनं बघितलं. डोकं फुटून तिच्या कानावर रक्त ओघळत होतं, ते तिनं पुसलंही नाही. ताण दिला, टोक भिडवलं, कामट्या लावल्या, भिजवलेली दोरी आवळली. मेंढीची नडगी म्हणजे हाड आणि कातडं. माणसाच्या नडगीला मांस असतं, मोडली की ते आतून फुगतं, आणि वरून वाळती दोरी आवळत येते. हे तिला ठाऊक नव्हतं. धनगरवाड्यावर कुणालाच ठाऊक नव्हतं. उद्या सकाळी हात लावून बघायचा, एवढं मात्र तिला पक्कं ठाऊक होतं.

तो हात लावायलाच तिला मिळाला नाही. दुपारी शिपाई आले. बिरप्पाला बाजेवर घालून आणि धुळाप्पाला दोरीनं बांधून दोन कोसांवरच्या चौकीत नेऊन कोंडलं. मालकावर कुऱ्हाड चालवली होती ना. मेंढरांच्या मोडलेल्या पायांबद्दल आणि नवऱ्याच्या मोडलेल्या पायाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

उजाडताच म्हाळसाबाई चौकीवर हजर. गजांतून हात घालून तिनं नवऱ्याच्या बोटांना हात लावला. गार. अंगठा जांभळा पडलेला. ती हवालदाराकडं धावली.

"दादा, दोरी कापाया पायजे. आत्ताच्या आत्ता."

"फौजदारसाहेबांनी जखम बघितल्याशिवाय काही सोडायचं नाही," हवालदार म्हणाला. "जसं हाय तसं ऱ्हाऊ दे. मुद्देमाल हाय त्यो."

"मुद्देमाल न्हाय, पाय हाय त्यो माज्या धन्याचा. तुमी नगा सोडू. मला इळा द्या, मी कापते."

"कोठडीत पातं? डोकं ठिकाणावर हाय का तुजं? फौजदारसाहेब उद्या येतील, न्हायतर परवा."

तेवढ्यात रामहरी पाटील जबाब द्यायला आला. म्हाळसाबाईनं त्याचे पाय धरले. "पाटील, तुमीच सांगितलं हुतं की मेंढरं बसवायला. येवडं बोला ह्यास्नी, म्हंजी सोडतील." पाटलानं आपल्या वहाणांकडं बघितलं. "मी कुणाला काही सांगितलं नव्हतं," तो म्हणाला आणि आत गेला. पोटचं पोर कापलं गेलेलं, बापाची जीभ तरी कशी वळावी? तिला ते त्या वेळीही समजलं. समजलं म्हणून काही तिनं माफ केलं नाही.

दुपारी हवालदार भाकरी खायला बसला तेव्हा तिनं दोन्ही हात गजांतून घातले, नवऱ्याचा पाय जवळ ओढला आणि दोरीला दात लावले. दोरी वाळून तारेसारखी झाली होती. ती कुत्र्यासारखी कुरतडत राहिली. बिरप्पा ओरडत होता, धुळाप्पा आतून त्याला धरून रडत होता. हिरड्या फाटल्या, एक पुढचा दात तुटला, दोन वेढे सुटले. हवालदारानं येऊन तिच्या पाठीत काठी घातली, पुन्हा घातली, तरी तिनं तोंड काढलं नाही. शेवटी दोघा शिपायांनी पाय धरून तिला ओढत नेलं आणि रस्त्यावर टाकलं. राहिलेले वेढे तसेच राहिले.

फौजदार तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आला. त्यानं कोठडीच्या दारातच नाकाला रुमाल लावला आणि म्हणाला, "ह्याला सोलापूरला न्या." मोटारी काय धनगरासाठी असतात? बैलगाडीनं इस्पितळ गाठायला चौथ्या दिवसाची दुपार झाली. तिथं सिद्धाप्पा नावाचा अक्कलकोटकडचा एक कंपाउंडर होता, अर्धं कानडीत बोलणारा, मनाचा चांगला. त्यानं दोरी कापली. पायाचं कातडं दोरीबरोबर निघून आलं.

"अव्वा, दोन दिवस आधी आणला असता तर गुडघा वाचला असता की," तो हळूच म्हणाला.

म्हाळसाबाई त्याच्यावर उखडली. "हितं आख्खा पाय चाललाय, आन तुमी गुडग्याचं काय घिऊन बसलाय?"

समजावून सांगायला त्याला वेळ नव्हता. थोरला डॉक्टर दौऱ्यावर गेलेला. हाताखालच्यानं पाय कापला, मांडीतून. भुलीचं औषध पुरलं नाही. करवत हाडाला लागली आणि बिरप्पा जागा झाला. चार माणसांनी त्याला टेबलावर दाबून धरला. म्हाळसाबाई दाराबाहेर बसून करवतीचा आवाज ऐकत होती. मधे एकदा आवाज थांबला, कापणाऱ्याचा हात भरून आला असावा, आणि पुन्हा सुरू झाला.

खाट काही मिळाली नाही. ओसरीत फरशीवर घोंगडं टाकून त्याला निजवला. पट्टी चार दिवसांनी, तीही धुवून वाळवलेली तीच. बाराव्या दिवशी टाक्यांतून पू वाहत असताना सांगितलं, घरी न्या, जागा नाही. माळावरच्या पालात माश्या होत्या. महिन्याभरात जखमेत किडे झाले. ते ती काडीनं वेचायची, मेंढराच्या खुरातले वेचायची तसे. पुन्हा गाडी, पुन्हा इस्पितळ, पुन्हा करवत. दुसऱ्या खेपेला उरली ती वीतभर मांडी. कोर्टानं पायच गेला म्हणून बिरप्पाला सोडून दिलं, धुळाप्पाला भावाचा साथीदार ठरवून चार महिने दिले. आबासाहेबाच्या गड्यांवर खटलाच उभा राहिला नाही.

वर्ष गेलं. दिवाळी झाली आणि वाडा पुन्हा हलायची वेळ आली. गावच्या सुतारानं बिरप्पाला बाभळीचा खुंट करून दिला होता, वर लाकडी वाटी, आत लोकर. वीतभर मांडीवर तो खुंट टिकणार कसा? पट्टे आवळून अर्धा कोस चालला आणि वाटी रक्तानं भरली. तट्टावर बसवला तर आवळायला मांडी नाही, उताराला पडला आणि जखम पुन्हा फुटली. धुळाप्पा म्हणाला, "दादा, मी पाठीवर घेतो की तुला. लहानपणी तू न्हवतास का घेत?" बिरप्पानं हातातली काठी त्याच्या तोंडावर मारली. मग तो मेंढरांमागं हातांवर सरपटायला लागला. काट्याकुट्यांतून सरपटत यायचा आणि संध्याकाळी म्हाळसाबाई त्याच्या मांडीतले काटे काढायची. एकदा त्यानं तिच्यावरही हात टाकला. काटा दुखला एवढंच निमित्त. त्यानं तिला कधी म्हटलं नाही की तू बांधलास म्हणून माझा पाय गेला. म्हणाला असता तर तिला बरं वाटलं असतं.

पौषात त्यानं स्वतःला विहिरीत टाकून घेतलं. धुळाप्पा जवळ होता म्हणून काढला. ओला, कुडकुडणारा बिरप्पा पालात पडून म्हणाला, "म्हाळसा, हुळीपतुर मी मेंढरामागं उभा ऱ्हायलो तर ऱ्हायलो. न्हायतर धुळाप्पा कितींदा काढंल?"

तो बोलतो ते करतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? त्या दिवसापासून तिनं विळे, दोऱ्या सगळं उचलून लांब ठेवलं.

संक्रांतीला ती सिद्धेश्वराच्या यात्रेत घोंगडी विकायला गेली. बैलबाजारात गर्दीचा एक घोळका दिसला, आणि घोळक्यात आबासाहेब. चालत होता. पायांत बूट, वर पायघोळ धोतर. जरासा लंगडत, पण चालत. बैलाच्या मागं गेला, पुढं आला, बांध चढला, उतरला. लोक कौतुकानं बघत होते आणि तो हातातली छडी पायावर टकटक वाजवून दाखवत होता. "पुण्याहून आणलाय. थोरल्या साहेबाचं पत्र होतं." म्हाळसाबाई उभी होती तिथंच उभी राहिली. एकजण घोंगडीचा भाव विचारून निघून गेला, तिला कळलंही नाही. गेलेला पाय परत मिळतो, हे तिनं आज पहिल्यांदा बघितलं होतं.

तिथून ती तडक इस्पितळात गेली. सिद्धाप्पाची बदली झालेली. टेबलामागचा कारकून म्हणाला, "पाय लढाईतल्या शिपायांना मिळतो. नाहीतर वजनदार माणसाचं पत्र आण, आणि पुण्यात महिनाभर राहण्याची सोय." ती म्हणाली, "आमाला कोन पत्र देनार?" "मग कशाला विचारतेस?" कारकून म्हणाला. तो काही वाईट बोलला नाही. खरं तेच बोलला, पण काळजाला घरं पाडणारं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी ती कासारपिंपळीच्या मळ्यात पोचली. गडी लांब खळ्यावर भाकरी खात होते. आबासाहेब विहिरीजवळ चिंचेखाली बाजेवर बसला होता. त्यानं तिला ओळखलं.

"काय गं, पुन्हा मेंढरं घालाया आलीस व्हय माज्या रानात?"

"मालक, तुमच्याकडं पैका हाय, वळख हाय. तुमाला दुसरा पाय मिळंल," ती म्हणाली. तिनं हात जोडले होते. "ह्यो माज्या धन्याला द्या. तुमच्याच गड्यानं मोडलाय त्येचा. त्यो जीव द्याया निगालाय."

आबासाहेब हसला. "खुळी का काय तू? पाय काय पायताण हाय, कुनी बी घालावं? मापाचा असतोय त्यो. तुज्या नवऱ्याला न्हाय व्हायचा."

ही माणसं नेहमीच असं काहीतरी सांगतात, तिला वाटलं. चौकीत सांगितलं, इस्पितळात सांगितलं, आता हा सांगतोय. तिचे जोडलेले हात सुटले. विहिरीच्या काठावरचा दगड तिनं उचलला आणि त्याच्या कानशिलावर घातला. तो बाजेवरून खाली आला. ओरडायला तोंड उघडलं, तसा तिनं त्यात पदराचा बोळा कोंबला, पोटावर गुडघा रोवला आणि डोक्यावरच्या चुंबळीच्या दोरीनं त्याचे हात बाजेच्या खुराला आवळले. आवळणं काही तिला शिकवायला नको. मग तिनं धोतर वर सारलं.

मांडीभोवती चामड्याचा रुंद पट्टा, त्याला नाड्या. पट्ट्यापासून खाली दोन लोखंडी पट्ट्या, आणि मग लाकडाचा पाय. तिनं नाड्या दातांनी सोडल्या आणि पाय खसकन ओढला. तो निघून आला. आतून निघाला गुडघा.

अखंड गुडघा. गोल, धडधाकट, वाटीसकट. त्याच्याखाली सहा बोटं नडगी, कोरडी, गुळगुळीत, कुठं पू नाही की रक्त नाही. गुडघा वाकत होता, सरळ होत होता. आबासाहेब त्याच गुडघ्यानं तिला लाथा मारत होता. हातातला पाय तिनं उलटा करून आत बघितलं. तो गुडघ्याच्या खालचा पाय होता. वर गुडघा असेल त्यानंच घालायचा. वीतभर मांडीला तो लावायचा कुठं? सिद्धाप्पा गुडघ्याचं काय घेऊन बसला होता, ते तिला आत्ता समजलं.

झटापटीत आबासाहेबाच्या तोंडातला बोळा निघाला. "सांगत न्हवतो तुला?" तो धापा टाकत म्हणाला. "घिऊन जा आता. चुलीत घाल."

त्यानं हे बोलायला नको होतं. पण न बोलता तरी काय वेगळं झालं असतं, कोण जाणे. म्हाळसाबाईनं तो लाकडाचा पाय घोट्याजवळ दोन्ही हातांनी धरला, डोक्यावर नेला आणि लोखंडी पट्ट्यांच्या बाजूनं त्याच्या गुडघ्यावर घातला. पहिल्या घावाला गुडघ्याची वाटी फुटली. तिच्या बोटांना ते लाकडातूनही कळलं. ती थांबली नाही. दुसरा, तिसरा, पाचवा. आबासाहेब किंचाळत होता आणि ती प्रत्येक घावाला एकच विचारत होती, "आता? आता? आता?" लाकूड उभं चिरलं, पट्टी निखळून लांब उडाली, तरी ती मारत राहिली. गडी धावत आले तेव्हा तिच्या हातात नुसतं पाऊल उरलं होतं, बूट घातलेलं. ईश्वरप्पानं तिला काठीनं झोडपलं, बरगड्या मोडल्या. ती पळाली नाही, हातही आडवा केला नाही.

खटला उभा राहायला पाच महिने लागले. तोवर ती कच्च्या कैदेत. खोटं कशाला बोला, तिला केल्याचा पश्चात्ताप नव्हता. रोज जात्यावर बसली की ती मनात म्हणायची, धन्याला पाय न्हाय मिळाला तर न्हाय, पण त्येला बी आता पाय लागायचा न्हाय. दोघं सारखं झालं. तेवढ्या एका गोष्टीवर तिचा घास घशाखाली उतरत होता. होळी आली आणि गेली. बिरप्पा जिवंत आहे, असा धुळाप्पाचा निरोप आला. तो दादाला घटकाभरही नजरेआड करत नव्हता. जखम मात्र तिसऱ्यांदा फुटली होती आणि आता वर कापायला काही उरलं नव्हतं.

खटल्याच्या दिवशी बिरप्पा कोर्टात आला. पाठीवर घेतो म्हटलं तर ज्यानं भावाचं तोंड फोडलं होतं, तो आज निमूट भावाच्या पाठीवर बसून आला. वासामुळं पट्टेवाल्यानं दोघांना आत येऊ दिलं नाही. दारात धुळाप्पा उभा आणि त्याच्या खांद्यावरून बिरप्पाचं डोकं दिसत होतं. पाच महिन्यांत त्याचे डोळे खोल गेलेले. म्हाळसाबाईनं त्याला डोळे भरून बघून घेतलं. पुढं तिला सात वर्षांची सजा झाली आणि बिरप्पा त्याच पावसाळ्यात गेला, तेव्हा हेच शेवटचं बघणं.

आबासाहेबाच्या नावाचा पुकारा झाला. म्हाळसाबाईला वाटलं, खाटेवरून आणतील. तो चालत आला. नवा पाय, हातात काठी, चाल थोडी ताठर. साक्षीच्या पिंजऱ्याच्या दोन पायऱ्या चढला आणि उभा राहिला. तिला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. मग डॉक्टरनं साक्ष दिली. गुडघ्याच्या वाटीचे तीन तुकडे झाले होते, ते चांदीच्या तारेनं जोडले, जखम चिघळली नाही, सांधा आता बऱ्यापैकी वाकतो.

न्यायाधीशानं आरोपीकडं बघितलं. "बाई, तुला डॉक्टरसाहेबांना काही विचारायचं आहे?"

म्हाळसाबाई उठून उभी राहिली.

"गुडगा फुटल्यावर किती येळात आणला हुता त्येला तुमच्याकडं?" तिनं विचारलं.

वकिलांनी एकमेकांकडं बघितलं. डॉक्टरनं कागद चाळला. "मोटारीनं आणला. तासाभरात टेबलावर होता."

म्हाळसाबाईनं दाराकडं बघितलं, मग पुन्हा डॉक्टरकडं.

"मग वाचनारच की," ती म्हणाली आणि खाली बसली.